सलग गाणी

आवाजाच्या बाबतीत रवी सोनकांबळेला कुणाचं शहाणपण खपत नसे. फोनच्या स्पीकरवर गाणं लावणारा माणूस दिसला की त्याच्या कपाळाला आठी पडे. मग समोरचा पाहुणा असो की सासरेबुवा, हेडफोन कानाला लावून खरा आवाज काय असतो ते ऐकवल्याशिवाय रवी त्याला सोडत नसे. विद्यानगरच्या त्याच्या फ्लॅटमधला सोफा कधीचा खचला होता, पण स्पीकर असे होते की खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला वर आले होते. या घरात माणसांपेक्षा वायरींना जास्त मान आहे, असं त्याची बायको गीता म्हणायची. ते काही खोटं नव्हतं.

त्यामुळे आई गेल्यावर तिच्या सीड्यांचं काम आपणच करायचं, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं. त्याची आई पंचफुलाबाई. देगलूरकडची बाई, लग्न होऊन हैदराबादला आली आणि बाबासाहेबांची गाणी गात गात समाजात नावारूपाला आली. बायकांची गायन पार्टी होती तिची. जयंती असो, बारसं असो, नव्या घरात जाणं असो नाहीतर कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, हैदराबादच्या नल्लकुंट्यापासून निजामाबादपर्यंत तिला बोलावणं यायचं. मंडपातला साउंडवाला कार्यक्रम रेकॉर्ड करायचा आणि मागून त्याची सीडी बनवून द्यायचा. त्या सगळ्या सीड्या रवीच्या वडिलांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, प्रत्येक सीडी जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. सरकारी खात्यात आयुष्यभर कारकुनी केलेला हा माणूस, स्वतःच्या पेन्शनच्या कागदांना त्यानं इतकं जपलं नव्हतं.

पण घरगुती बनवलेली सीडी शेवटी किती टिकणार. वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटायला लागतो, आणि तो सुटला की त्याच्याखालचं गाणंही गेलं. रवीनं एक सीडी खिडकीच्या उजेडात धरून बाबांना दाखवली. तिच्यातून पलीकडचं आभाळ ठिपक्याठिपक्यांनी दिसत होतं. बाबांनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली. मग डबा उचलून त्याच्यासमोर ठेवला.

"घे," ते म्हणाले. "पन त्यातलं काय बी जाऊ देऊ नको. जसं हाय तसंच पायजे मला."

"एक कणही जाणार नाही, बाबा. गेला तर नाव बदलीन."

आणि कामाला तो चुकला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. इतर लोक गाण्याची फाइल लहान करायची म्हणून आवाजातला बारीक भाग गाळून टाकतात. रवीच्या मते ते दुधात पाणी घालण्यासारखं होतं. त्यानं गाणी आहेत तशी, पूर्ण वजनाची उतरवून घेतली. प्रत्येक सीडी आधी कापसानं मधून कडेकडे पुसायची, मग यंत्राला ती पुन्हा पुन्हा वाचायला लावायची, आणि दोन वेळचं वाचन तंतोतंत जुळलं तरच पुढची सीडी घ्यायची. गीतानं एकदा मदत म्हणून सीडी गोल गोल पुसली तर त्यानं तिच्या हातातून काढूनच घेतली. रोज सकाळी नाश्त्याला बाबा विचारायचे, सगळं आलं का? रवी म्हणायचा, सगळं. तेव्हा ते अगदी खरं होतं.

ऐकवू का म्हटलं तर मात्र बाबा नक्को म्हणायचे. तिचा आवाज आत्ता मला सोसणार नाही, वर्ष होऊ दे, स्मृतिदिनाला ऐकू, असं त्यांचं म्हणणं. रवीलाही ते पटलं. उलट तोवर गाणी आणखी चांगली करून ठेवावीत, आईचं गाणं सगळ्यांना ऐकवताना कसं झळाळून निघालं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं, आणि घोडं तिथंच पेंड खायला लागलं.

गायन पार्टीच्या गाण्यात एक गोष्ट ठरलेली असते. गाणं रंगात आलं की श्रोत्यांतून कुणीतरी उठतो, स्टेजपाशी जाऊन नोट देतो, कानात आपलं नाव सांगतो. मग गाणारी कडवं अर्ध्यावर ठेवते. ढोलकी बारीक वाजत राहते आणि माइकवरून पुकारा होतो, की अमक्या गावचे अमुक अमुक यांच्याकडून पार्टीला बक्षीस आलं आहे, पार्टी त्यांची आभारी आहे, जयभीम. पुकारा झाला की गाणं सुटलं होतं तिथून पुन्हा उचलायचं. एकेका गाण्यात असे थांबे किती यावेत याला धरबंध नाही. ज्यांना सवय आहे त्यांना त्यात वावगं काही वाटत नाही, उलट पुकारे नसले तर कार्यक्रम पडला म्हणतात.

रवीलाही लहानपणी तसंच वाटायचं. पुढे त्याला नोकरी लागली, हायटेक सिटीकडे ऑफिस, एकाच गाडीतून चौघांनी जाणं-येणं. एकदा गाडीत त्यानं मोठ्या हौसेनं आईचं गाणं लावलं. मधेच पुकारा आला, तेव्हा मागं बसलेल्या सहकाऱ्यानं अगदी निरागसपणे विचारलं, हे काय, लिलाव चाललाय का? सगळे हसले. रवीही हसला आणि त्यानं गाणं बंद केलं. त्या दिवशी त्याला आईची लाज वाटली होती, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा रागही आला होता. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही.

तर आता हेडफोन लावून त्यानं एकेक गाणं घेतलं आणि त्यातले पुकारे कापायला बसला. हातात कसब होतंच. कडवं जिथं सुटलं तिथं ते पुन्हा नेमकं जोडायचं, ताल एका मात्रेनंही हलू द्यायचा नाही, ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येता कामा नये. बहुतेक पुकाऱ्यांखाली पेटी वाजत राहायची, तिथं जरा डोकं लावावं लागे. काही ठिकाणी पेटी पार थांबलेली असे, तिथं काम सोपं. अशाच सोप्या जागी पुष्कळदा 'श्रीपती सोनकांबळे' हे नाव यायचं. रवीला गंमत वाटली. आपला बाप आपल्याच बायकोला बक्षीस देतोय, म्हणजे या खिशातलं त्या खिशात, आणि वर पार्टी आभारी आहे. त्यानं हसत हसत ते नाव निवडलं आणि पुसून टाकलं. असं ते त्यानं कितीतरी वेळा पुसलं.

मूळ वेगळं ठेवलं नव्हतं का, असं कुणीही विचारील. ठेवलं होतं ना. दुसऱ्या डिस्कवर सगळ्या गाण्यांची दुसरी प्रत होती. पण रवीचा कारभार नेटका. त्यानं अशी सोय लावून ठेवली होती, की इकडं काही बदल केला की तिकडंही आपोआप तोच व्हावा, दोन्ही प्रतींत केसाएवढाही फरक राहू नये. त्यामुळे इकडं कापलेलं तिकडंही कापलं गेलं. हे त्याला माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही, कारण कापलं ते कचराच होतं अशी त्याची खात्री होती.

आणि राहिल्या सीड्या. गीता कबुतरांनी जेरीस आली होती. बाल्कनीत कपडे वाळत घालावेत तर त्यांची घाण, कुंड्यांत अंडी, सकाळपासून घुमणं. समोरच्या इमारतीत लोकांनी दोऱ्याला सीड्या टांगल्या होत्या, त्या वाऱ्यावर फिरून चमकतात आणि पाखरं बिचकतात. आपल्याही सीड्या आता नुसत्या पडून आहेत, टांगू का, असं तिनं विचारलं. रवी म्हणाला, बेलाशक टांग, त्यात आता काही नाही. तरी बाबांनी त्याला एकदा विचारलं, खात्री हाय ना? त्यानं हौ म्हटलं. तेव्हा बाबांनी स्वतः स्टूल घेतलं, दोरा घेतला आणि पोरावर भरवसा ठेवून त्या सगळ्या सीड्या एकामागून एक बाल्कनीच्या जाळीला बांधल्या. मार्च संपत आला होता. पुढे अख्खा उन्हाळा त्या तिथं तापत राहिल्या.

स्मृतिदिन जूनमध्ये आला. कार्यक्रम नल्लकुंट्याच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये ठेवला होता. पंचफुलाबाईंच्या फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. मग रवीनं घरून आणलेले स्पीकर सुरू केले आणि आईचा आवाज हॉलभर पसरला. खरंच सुंदर वाजत होतं. खरखर नव्हती, घरघर नव्हती, गाणं सुरू झालं की शेवटापर्यंत सलग. म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावून डोलायला लागल्या. देगलूरहून आलेले चुलते उठून रवीच्या पाठीवर थाप मारून गेले. आई समोर बसून गाते असं वाटलं, असं दोघातिघांनी म्हटलं, तेव्हा रवीचा ऊर भरून आला.

बाबा पहिल्या रांगेत पांढरा सदरा घालून बसले होते. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. गाणं अर्ध्यावर आलं तसे ते जरा पुढं सरकून बसले, मान वर केली, ओठ किंचित हलले. गाणं तसंच पुढं गेलं. त्यांनी डोळे उघडले आणि स्पीकरकडे पाहिलं. दुसऱ्या गाण्यालाही तसंच झालं. तिसरं गाणं अर्ध्यावर असताना ते उठले, रवीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "बक्षिसाचं कुठं गेलं?"

रवी म्हणाला, ते काढलं बाबा, गाणं सलग ऐकू यावं म्हणून.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, काहीतरी चुकीचं ऐकलं असावं असं. मग ते बाहेर जाऊन चपला काढतात तिथल्या कठड्यावर बसले आणि कार्यक्रम संपेपर्यंत आत आले नाहीत. लोकांना वाटलं, बायकोच्या आठवणीनं भरून आलं असेल.

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा रवीनं त्रिवेणीमावशीला गाठलं. त्रिवेणीमावशी आईच्या पार्टीत पेटी वाजवायची, आईची जिवाभावाची मैत्रीण. बाबा असे का उठून गेले, बक्षिसाचं का विचारत होते, असं त्यानं तिला विचारलं. मावशीनं ताट खाली ठेवलं. आधी ती काय काढलंस, किती काढलंस हे विचारत राहिली, आणि सगळं काढलं हे कळल्यावर तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"तुझ्या आईनं घरात कधी नाव घेतलं का रे त्यांचं?" ती म्हणाली. "लग्नात बायांनी लई जुलूम केला, तरी घेतलं नाही. 'अवं' नाहीतर 'रवीचे बाबा' म्हनायची, बस. जुन्या वळणाची होती त्या बाबतीत. पन स्टेजवर बक्षीस आलं तर नाव घ्यावंच लागतंय, तो पार्टीचा कायदा हाय. एवढ्यासाठी तुझा बाप ड्यूटी करून, बस बदलून बदलून यायचा. गाणं ऐकायला कोन येतंय? गाणं तर घरी भाकरी थापताना बी ऐकायला भेटायचं."

मावशी पुढं सांगत होती, की बाकीच्यांची नावं पंचफुला भराभरा उरकायची, पण यांची नोट आली की माझ्या गुडघ्याला हात लावायची, पेटी थांबव म्हणायची. मग पदर सारखा करून, नीट खणखणीत नाव घ्यायची. म्हणजे पेटी थांबली होती ती त्यासाठी. आणि ती जागा कापायला सोपी म्हणून तिथं रवीनं सगळ्यात आधी कात्री लावली होती. आईनं घेतलेलं ते नाव शेवटचं ऐकणारा माणूस तोच होता आणि ऐकताना तो हसला होता.

घरी आल्या आल्या तो बाल्कनीत गेला. गीतानं काही न विचारता सुरी आणून दिली. दोरे तोडून त्यानं सीड्या काढल्या. ज्या चंदेरी होत्या त्या पांढुरक्या, पारदर्शक झाल्या होत्या, कडा वाकल्या होत्या. त्यानं एकेक पुसली, मधून कडेकडे, नेहमीसारखी. यंत्र नुसतं घरघरायचं, थांबायचं आणि सीडी बाहेर ढकलायचं. एक सीडी चालली. कोरसच्या दोन ओळी आल्या, त्रिवेणीमावशीची पेटी आली, आणि पुढं एकच सूर अडकून टकटक करत राहिला. तेवढ्यावर तीही बंद पडली.

नंतरचे कितीतरी दिवस त्यानं काय नाही केलं. डिस्कवरून पुसलेलं परत मिळवून देणाऱ्या माणसाकडे जाऊन आला. त्यानं सांगितलं, की तुम्ही त्या जागेवर नंतर दुसरं इतकं भरलंत की खालचं काही शिल्लक नाही. ते दुसरं म्हणजे रवीचाच गाण्यांचा संग्रह होता. साउंडवाल्याच्या घरी गेला तर तो वारला होता आणि मुलानं सगळं सामान विकून टाकलं होतं. देगलूरला, निजामाबादला, ज्यांच्या ज्यांच्याकडे आईचे कार्यक्रम झाले त्या सगळ्यांना फोन केले. सीडी कुणी जपली नव्हती. लोकांनी जपायचं काम त्याच्या बापावर सोडलं होतं.

शेवटी एका रविवारी दुपारी त्यानं बाबांसमोर बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. गाडीतलं हसणंही सांगितलं.

बाबांनी ऐकून घेतलं. "मला इचारायचं होतंस," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता मला नावानं बोलावणारं कोन ऱ्हायलं, रवी? माय गेली. थोरले भाऊ गेले. ऑफिसात सोनकांबळे होतो, तुला बाबा, गल्लीत काका. ती तेवढी घ्यायची."

रवीला रडू आलं. बाबांनी त्याची समजूत घातली नाही. गीतानं आणून ठेवलेला चहा दोघांसमोर तसाच निवला. मग बाबाच म्हणाले, "लाव. जेवढं हाय तेवढं ऐकू."

त्यानं गाणं लावलं. बाबांनी डोळे मिटले. आई गात होती, ढोलकी चढत होती, आणि एका जागी, रवीला काहीच खूण कळली नसताना, बाबा बारीक आवाजात बोलले, "बरकतपुऱ्याचे हिम्मतराव, यांच्याकडून बक्षीस, पार्टी आभारी हाय." आई पुढं गातच होती. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "नामपल्लीचे एकनाथराव, नातू झाल्याच्या खुशीत." रवीनं दचकून पाहिलं. नेमक्या जागा होत्या. सगळी नावं, सगळी गावं बापाला पाठ होती, आणि प्रत्येक जागा त्यानं श्वासानं धरून ठेवली होती. रवीच्या मनाला एकदम उभारी आली. निदान एवढं तरी वाचवता येईल म्हणून त्यानं घाईघाईनं फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि फोन बाबांच्या जवळ सरकवला.

पुढचं गाणं सुरू झालं. आईचा आवाज वर गेला, कडवं उचललं. बाबांचं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. मग त्यांनी ते मिटून घेतलं.

रवीनं गाणं थांबवलं. "म्हणा ना बाबा," तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली. "ते माझं मी कसं घेऊ," ते म्हणाले. "चालू कर."

त्यानं गाणं थोडं मागं नेऊन पुन्हा चालू केलं. कान देऊन, जीव एकवटून तो ती जागा शोधत राहिला. पण जोड इतका बेमालूम बसला होता, की नाव कुठं होतं ते त्याला ऐकू आलं नाही. बाबांनी श्वास रोखून धरला तेव्हा ती जागा कळली.